इस्माईलचाचांची जाणारी-येणारी लाइट

‘लाइट लागत नाही,’ असं म्हणत येणारं गिऱ्हाईक मला आवडतं. बल्ब उडालेला असतो, नाहीतर तार तुटलेली असते. पंधरा मिनिटांत काम होतं आणि माणूस जाताना आपल्याला हुशार म्हणून जातो. ‘लाइट जाते नि येते,’ असं म्हणणारा दारात दिसला की मात्र मी आतल्या बाजूला तोंड करून सुलभाला चहा टाकायला सांगतो, कारण हा माणूस आता लवकर हलत नाही. सुलभा म्हणजे माझी बायको. आमचं घर मागं आणि दुकान पुढं, त्यामुळे माझ्या धंद्यातली प्रत्येक फजिती तिला खिडकीतून फुकट बघायला मिळते.

मुरुडच्या बाजारातून समुद्राकडे वळलं की आमचं दुकान. मोटरसायकलच्या वायरिंगचं काम मी अडतीस वर्षं करतोय. इंजिन मी खोलत नाही. इंजिनवाल्या मेस्त्रीचे हात काळे, माझे स्वच्छ, आणि याची मला थोडी घमेंड आहे, खोटं कशाला बोलू. आमच्या तालुक्यातल्या दिवाळी अंकवाल्यांनी सांगितलं, की तुमच्या कामातली एखादी हुशारीची गोष्ट लिहा. तशा बऱ्याच आहेत. पण लिहायला बसलो तर सुलभा म्हणाली, “ती पिशवीची लिहा, नाहीतर मी लिहीन.” मग काय करता?

आधी जरा धंदा समजून घ्या, म्हणजे पुढं माझी कीव करायला बरं पडेल. विजेला बल्बापर्यंत जायला रस्ता लागतो, तसा परत यायलाही लागतो. जायचा रस्ता तारेतून आणि यायचा गाडीच्या लोखंडी अंगातून. यातला एक जरी बंद पडला तरी अंधार. कायमचा बंद पडला असेल तर शोधणं सोपं आहे. पण एखादी तार आतून तुटून नुसती टेकलेली असते, कुठं पितळेच्या जोडावर खाऱ्या हवेचा हिरवा गंज चढलेला असतो. मग एका खड्ड्यात रस्ता बंद होतो नि पुढच्या खड्ड्यात उघडतो. आणि इथंच घोडं पेंड खातं, कारण गाडी दुकानात आली की तो हमखास उघडा असतो. गिऱ्हाईक कपाळावर हात मारून म्हणतं, “अहो, आत्ता कोपऱ्यापर्यंत जात होती!” आणि लाइट समोर अशी लख्ख जळत असते, की आपण दोघंही वेडे वाटतो.

शहरातून येणारे पाहुणे तर विचारूच नका. एकानं फोटोसाठी गाडी लाटांत घातली होती, आणि मग लाइट आपोआप लुकलुकते म्हणून माझ्याकडे आला. काच उघडली तर आतून वाटीभर समुद्र निघाला आणि त्याबरोबर बोटाच्या पेराएवढी एक कुर्ली, म्हणजे खेकडी. ती माझ्या पकडीवर चढून बसली. पाहुण्यानं अगदी गंभीरपणे विचारलं, “काका, ही आधीपासूनच आत असते का?” मी म्हटलं, नाही, ही तुम्ही वरून घेतली. तो गेल्यावर सुलभा नि मी दुपारभर हसत होतो. जेवताना ताटात आमटीची वाटी दिसली तरी हसू येत होतं.

पण गोष्ट इस्माईलचाचांची आहे.

चाचा आमच्या आळीच्या पलीकडच्या मोहल्ल्यातले, वय बाहत्तर. बावीस वर्षं कुवेतला ट्रेलर चालवून गावी आले आणि नांदगावच्या अलीकडे सुपारी-नारळाची छोटी वाडी घेतली. चाची होत्या तोवर दोघं रोज तिसऱ्या प्रहरी एकाच मोटरसायकलवर वाडीत जायची. झाडांना पाणी सोडायचं, चहा करून प्यायचा, मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची नमाज तिथंच पढायची आणि मग परत. चाची गेल्या, तरी चाचांचा नेम मोडला नाही. जाताना उजेड असायचा. येताना मात्र हेडलाइटशिवाय भागत नसे, कारण आमचा किनाऱ्याचा रस्ता म्हणजे एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला झाडी, आणि मधे वळणांची नुसती मालिका.

दोन वर्षांपूर्वी थंडीच्या दिवसांत चाचा संध्याकाळी दुकानापुढं थांबले. हँडलला अडकवलेली पिशवी काढून त्यांनी नेहमीप्रमाणे आधी सुलभाच्या हातात दिली. चाचा आमच्याकडे कधी रिकाम्या हातानं आले नाहीत. चार नारळ, दोन शहाळी, कधी ओल्या सुपाऱ्या, काही ना काही असायचंच. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “दत्ता, लाइट जातेय नि येतेय रे.”

मी आतल्या बाजूला तोंड करून चहा सांगितला.

गाडी जुनी, पण चाचांनी पोरासारखी ठेवलेली. मी चालू केली, लाइट लागली. हँडल डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं, सीटवर दोन उड्या मारल्या, हेडलाइटवर चापट्या मारल्या. लाइट हलली सुद्धा नाही. “बल्बचा तंतू सैल असेल,” असं म्हणून मी बल्ब बदलला. दुसऱ्या दिवशी चाचा हजर. “गेली रे. घाटीच्या खाली गेली, नि पुलावर आली.” पिशवी सुलभाच्या हातात दिली. मी होल्डर बदलला. तिसऱ्या दिवशी चाचा हजर. मी सगळे जोड सोडवून घासून पुसून परत बसवले. चौथ्या खेपेला स्विच नवा टाकला. त्या दिवशी चाचांच्या कोपराला पट्टी होती. वळणावर लाइट गेली आणि गाडी सरळ कुंपणाच्या निवडुंगात शिरली होती. चाचा हसत सांगत होते, पण मला काही हसू आलं नाही.

आमच्या घरात शहाळ्यांचा डोंगर झाला होता. सुलभा म्हणाली, “बाकी काही म्हणा, ही लाइट बिघडल्यापासून माझी ॲसिडिटी गेली.”

आता माझ्या नाकाचा प्रश्न होता. मी चाचांना म्हटलं, “उद्या मी तुमच्याबरोबर वाडीत येतो. परत येताना मागं बसतो. बघू, माझ्यासमोर कशी जाते.” गेलो. वाडीत चाचांनी माझ्यासाठी चहा केला, झाडं दाखवली, कुठलं झाड चाचींनी लावलं ते सांगितलं. मगरिबनंतर निघालो. चाचांनी नारळांची पिशवी माझ्या हातात दिली, मी ती मांडीवर घेऊन मागं बसलो. आणि काय सांगू, सगळा रस्ता लाइट अशी लख्ख, की समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरनं डोळ्यांवर हात धरला. घाटी आली, पूल आला, निवडुंगाचं वळणही येऊन गेलं. लाइटनं पापणी लववली नाही.

मी मागं बसून चाचांच्या डाव्या हाताकडे बघत होतो. डाव्या अंगठ्यापाशी हॉर्नचं बटण असतं आणि त्याच्या अगदी वर डिपर, म्हणजे लाइट खाली-वर करायचा खटका. हा खटका अर्धवट मधेच राहिला तर वरचीही लाइट लागत नाही नि खालचीही नाही. चाचांना प्रत्येक वळणावर हॉर्न द्यायची सवय. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. तो पडायलाच नको होता, पण पडला.

दुकानापाशी उतरून मी जरा शेखी मिरवतच सांगितलं, “चाचा, सापडलं. गाडी चांगली आहे. तुमचा अंगठा हॉर्न दाबताना डिपरला लागतो. वयोमानानं होतं असं.”

चाचांनी आपला अंगठा उजेडात धरून थोडा वेळ पाहिला, जसं काही तो दुसऱ्याचाच आहे. मग पिशवी सुलभाला दिली आणि गेले. सुलभा खिडकीतून म्हणाली, “तुम्हाला गाडीत काही सापडलं नाही की माणसात सापडतं.” मी म्हटलं, तुला वायरिंगमधलं काय कळतं?

दुसऱ्या दिवशी अल्ताफचा फोन आला. अल्ताफ म्हणजे चाचांचा एकुलता एक मुलगा, पनवेलजवळ एका कंपनीत सुपरवायझर. निवडुंगाची बातमी त्याला कुणीतरी पोचवली होती. “काका, खरं सांगा, गाडीचा प्रॉब्लेम आहे का अब्बांचा? मला टेन्शन आलंय.” आणि मी, अडतीस वर्षांच्या अनुभवानं, मोठ्या खात्रीनं सांगून टाकलं, की गाडी एक नंबर आहे, अब्बांचा अंगठा चुकतो. मग तो म्हणाला, “म्हणजे गाडी बंद केली पाहिजे. शनिवारी येतो मी. रेवदंड्याचा एक माणूस घ्यायला तयार आहे, त्यालाही बोलावतो. वाडी बघायला गडी ठेवू.”

फोन ठेवल्यावर मला कळलं, की मी काय करून बसलो. गाडी गेली म्हणजे वाडी गेली, आणि वाडी गेली म्हणजे चाचांनी दिवसभर ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना सलाम घालायचा. पण माझं निदान बरोबर असेल तर अल्ताफचं काय चुकलं? मी स्वतःला हेच सांगत राहिलो. त्या दोन-तीन दिवसांत माझ्या हातून एक इंडिकेटर उलटा बसला. गिऱ्हाईक डावीकडे वळताना उजवीकडचा लुकलुकायला लागला. बिचारा परत येऊन म्हणाला, “दत्ताभाऊ, तब्येत बरी आहे ना?”

शुक्रवारी संध्याकाळी चाचा आले. या वेळी उतरलेच नाहीत. गाडी चालूच होती, पाय टेकून बसून राहिले. वाडीवरूनच येत होते. लाइट बंद होती, पण मला वाटलं, गावातल्या दिव्यांत आल्यावर त्यांनीच बंद केली असेल. म्हणाले, “उद्या माणूस येणार हाय गाडी बघायला. जरा पुसूनबिसून दे. सुलभा, घे गो, शेवटची.”

सुलभा पुढं आली. चाचा उतरत नाहीत हे बघून तिनंच हात घालून हँडलची पिशवी काढली. तशी लाइट लागली.

सुलभा क्षणभर थांबली आणि तिनं पिशवी परत अडकवली. लाइट गेली. पिशवी काढली. लाइट लागली.

“अहो,” तिनं हाक मारली, “ही पिशवी काढली की लाइट लागते.”

मी स्टुलावरून न उठता हसलो. म्हटलं, “हो का? आणि भाजीची पिशवी अडकवली की हॉर्न वाजेल.” पण चाचा हसत नव्हते. ते हँडलकडे तोंड वासून बघत होते, आणि त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. अंगठे सुद्धा. मी उठलो. सुलभानं पिशवी अडकवली, अंधार. काढली, उजेड. मी तिच्या हातातून पिशवी घेतली आणि स्वतः अडकवून पाहिली, मग काढली, मग परत अडकवली. चाचा मोजत होते. “एक... दोन... तीन... अरे दत्ता, बस कर, पिशवी फाटेल.” आणि तिघांनाही असं हसू फुटलं, की चाचांना गाडी स्टँडला लावून कट्ट्यावर बसावं लागलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. म्हणाले, “म्हणजे मी तुझ्यासाठी नारळ आणतो म्हणून माझी लाइट जाते?” सुलभा म्हणाली, “आणि दुकानात आल्या आल्या तुम्ही पिशवी माझ्या हातात देता, म्हणून यांना कधी दिसत नाही.”

आणि मी मागं बसलो त्या दिवशी ती पिशवी कुठं होती? माझ्याच मांडीवर.

मी टॉर्च घेऊन हेडलाइटच्या मागं वाकून बघितलं. पिशवी हँडलला अडकवलेली नव्हती. हँडलच्या मधल्या भागाला एक बाइंडिंगची तार गुंडाळलेली होती आणि तिचा खाली एक फासा लोंबत होता. पिशवी त्या फाशात होती. नारळांचा भार आला की तार खाली ओढली जायची आणि तिथून जाणाऱ्या वायरिंगमध्ये रुतायची. रोज रुतून रुतून तिनं हेडलाइटच्या वायरचं प्लॅस्टिक कापलं होतं. मग वीज बल्बापर्यंत जायच्या आधीच त्या तारेतून गाडीच्या लोखंडात उतरत होती. खड्ड्यात पिशवी उडाली की तार सुटायची नि लाइट परत यायची. इतकं साधं काम, आणि मी बल्ब, होल्डर, जोड, स्विच आणि एक माणूस, एवढं सगळं नादुरुस्त ठरवून बसलो होतो.

हे सगळं मी मोठ्यानं सांगणार होतो. पण तेवढ्यात मला तारेचा पीळ दिसला. पकडीनं तीन वेढे दिलेले आणि टोक आत दुमडलेलं, कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून. मुरुडमध्ये असा पीळ एकच माणूस देतो.

दसऱ्याला मी दुकानात पूजा करतो. त्या दिवशी दारात जी गाडी येईल तिला झेंडूचा हार घालतो, मग ती कुणाची का असेना. सुलभा हार ओवते, मी बांधतो. पूर्वी दोऱ्यानं बांधायचो, पण समुद्राच्या वाऱ्यानं हार संध्याकाळपर्यंत मासळी बाजारात सापडायचे. म्हणून गेली काही वर्षं तार वापरायला लागलो, आणि हार हलत नाही म्हणून लोकांकडून कौतुकही करून घेत होतो. चार दिवसांनी फुलं गळून जातात, तार तशीच राहते. लोकांना ती सोयीची वाटते, वर्षभर तिला दुधाची किटली, मासळीची पिशवी, हेल्मेट असं काहीबाही अडकवतात. मला ती प्रत्येक गाडीवर रोज दिसते, म्हणून चाचांच्या गाडीवर दिसली नाही.

मी चाचांना एवढंच म्हटलं, “वायर घासली होती. टेप लावून देतो.” तार सोडवून गुपचूप खिशात टाकली. वायर जोडली, टेप लावली, पिशवी परत हँडललाच अडकवून दाखवली. लाइट गेली नाही. चाचा इतके खूश, की जाताना त्यांनी माझ्या दोन्ही गालांना हात लावले. सुलभानं मात्र पीळ बघितला होता. चाचा गेल्यावर तिनं विचारलं, “सांगणार की नाही?”

“सांगेन की.”

“कधी?”

“बघू,” म्हटलं, आणि उगाचच दुकान झाडायला घेतलं.

शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला अल्ताफ आला. बरोबर रेवदंड्याचा तो माणूस, स्वतःचं हेल्मेट हातात घेऊनच आलेला. मागून चाचा आपल्या गाडीवरून आले. मी लगेच सुरुवात केली, की बिघाड सापडला, पिशवीच्या भारानं वायर घासत होती, आता काही काळजी नाही. अल्ताफनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “काका, रागावू नका. त्या दिवशी फोनवर तुम्हीच बोलले होते ना, की अब्बांचा अंगठा चुकतो? आज बोलता पिशवी. तुम्ही त्यांचे दोस्त आहात, मला कळतं. पण उद्या काही झालं तर मी काय करू?” पोरगा वाईट नव्हता, घाबरलेला होता.

“दाखवतो की तुला,” मी म्हटलं, आणि बोलता बोलता अडकलो. दाखवणार काय? बिघाड मी काल माझ्या हातानं दुरुस्त करून बसलो होतो. आता दहा नारळ लटकवले तरी लाइट जाणार नव्हती.

चाचा म्हणाले, “जाऊ दे दत्ता. लेकानं ठरवलंय. त्याचा पण जीव खालीवर होतो.” आणि त्यांनी गाडीची चावी काढून रेवदंड्याच्या माणसाच्या तळहातावर ठेवली. चावी ठेवताना त्यांनी गाडीकडे बघितलं नाही. मी मात्र बघत होतो, आणि मला माझी लाज वाटली. फार लाज वाटली. सुलभा दारात उभी होती. ती माझ्या खिशाकडे बघत होती.

मी खिशातून तार काढून बाकावर ठेवली.

“अल्ताफ, हे बघ. हा काळा डाग दिसतो? इथं ठिणगी पडत होती. या तारेनं तुझ्या अब्बांची वायर कापली. आणि ही तार मी बांधली, दसऱ्याला, हारासाठी. तुझे अब्बा निवडुंगात गेले ते माझ्यामुळं. मला दोष गाडीत सापडला नाही, म्हणून मी तो त्यांच्यावर ढकलला, आणि वर तुला फोनवर सांगून मोकळा झालो. काल कळलं, तरी मी गप्प बसलो. आता तुला जे काय बोलायचं असेल ते मला बोल.”

अल्ताफनं तार उचलली, फिरवून बघितली. मला वाटलं, आता चाचा भडकतील, आणि ते भडकले असते तर मला बरं वाटलं असतं. पण चाचांना तारेशी काही देणंघेणंच नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते.

“म्हणजे माझा अंगठा चांगला हाय?”

“ठणठणीत आहे, चाचा.”

“नक्की?”

“नक्की. त्यात कधीच काही नव्हतं.”

चाचा बाकावर बसले. म्हणाले, “तू सांगितलंस ना, मला खरंच वाटलं रे. मग बाकीचं पण खरं वाटायला लागलं. वाडीचं फाटक लावलं की न्हाय, म्हणून अर्ध्या रस्त्यातून मागं जायचो. नमाजात रकात तीन झाल्या की चार, ते समजेना. बावीस वर्षं ट्रेलर चालवलेला माणूस मी, चार-पाच दिवस माझ्याच हातावर नजर ठेवून होतो.” हे सांगताना ते हसत होते, मोठ्यानं, जीव भांड्यात पडल्यावर माणूस हसतो तसे. हसत नव्हतो ते आम्ही. अल्ताफ दुकानाच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग वळून त्यानं रेवदंड्याच्या माणसाच्या हातातून चावी उचलली.

“मग मी कशाला आलो?” त्या माणसानं विचारलं.

सुलभानं त्याला बाकावर बसवून एक शहाळं फोडून दिलं. ते पिता पिता तो त्याच्या गाडीचा इंडिकेटर मधेच बंद पडतो असं सांगायला लागला. जातो नि येतो, म्हणाला. मी सवयीनं चहा सांगितला.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी काय केलं, ते गावात अजून सांगतात. पकड घेऊन बाजारात फिरायचो आणि उभ्या गाड्यांच्या हँडलखालून माझ्या तारा तोडायचो. दोघांनी मला चोर समजून धरलं. एका कोळणीनं तर पाटी खाली ठेवून मला झाडलं, कारण तिच्या नवऱ्याची पिशवी अडकवायची सोय मी मोडली होती. आता हार दोऱ्यानं बांधतो. संध्याकाळी मासळी बाजारात झेंडू दिसतात, दिसू देत.

पण त्या शनिवारचं राहिलं. अल्ताफ म्हणाला, “अब्बा, चला वाडीत जाऊ. तुम्ही चालवा, मी मागं बसतो.” चाचांनी टोपी सारखी केली, गाडीला किक मारली आणि भर बारा वाजताच्या उन्हात हेडलाइट लावली. मी म्हटलं, चाचा, लाइट? ते म्हणाले, “राहू दे.”

आमच्या बाजाराची तऱ्हा तुम्हाला ठाऊक असेल. दिवसा कुणाची लाइट चालू दिसली की सगळ्या गावाला त्याची काळजी लागते. चाचा बाजारात शिरले तसे पानवाल्यानं हात वर करून बोटं उघडझाप केली, लाइट चालू आहे म्हणून. बर्फवाला ओरडला, “चाचा, लाइट!” एसटीच्या थांब्यावरच्या सगळ्या बायकांनी एकदम बोटं हलवली. समोरून येणाऱ्या रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न देऊन खूण केली. चाचा मान ताठ ठेवून एकेकाला उत्तर देत चालले होते, “माहीत हाय. माहीत हाय.” आणि मागं बसलेला अल्ताफ दोन्ही बाजूंना वळून वळून सगळ्यांना सांगत होता, “चालू असू दे. अब्बांनी लावलीय.”